पंप कोरडा चालला तरी टिकेल अशी सिलिकॉन कार्बाइड-ग्राफाइटची सील रिंग कशी करायची

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने किती आहेत ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि प्रत्येक डाइंगवाल्याकडे कॉस्टिकचा, गरम पाण्याचा, बॉयलरच्या फीडचा असे चार-पाच पंप असतातच. त्यांची सील, म्हणजे शाफ्टपाशी गळती अडवणारी, तोंडाला तोंड टेकवून घासणाऱ्या दोन रिंगांची जोडी, जायचं कारण विचारलं तर बहुतेक वेळा एकच निघतं, पंप कोरडा चालला. नळाला पाणी काही दिवसांआड, टँकर उशिरा आला, रात्रपाळीला टाकी कुणी बघितली नाही, आणि पंप आपला फिरतोय. दोन्ही तोंडं सिलिकॉन कार्बाइडची असली की मधली पाण्याची फिल्म गेल्यावर थोड्याच वेळात ती भयंकर तापतात, वरून टँकरचं गार पाणी येऊन पडतं आणि रिंगला मधून केसासारखी चीर जाते. आमच्याकडे एक डाइंगचे मालक अशीच चिरलेली रिंग रुमालात बांधून घेऊन आले होते, म्हणाले "अण्णा, आज तिसरी की ओ ही, काय करू सांगा." तिथून मी या ग्राफाइटवाल्या रिंगच्या मागे लागलो. जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितोय, ज्यांना पावडर, प्रेस आणि भट्टी या तीन गोष्टींची ओळख आहे त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बाजारात सिलिकॉन कार्बाइडच्या रिंग मुख्यतः दोन जातीच्या मिळतात. एक रिॲक्शन बाँडेड, तिच्यात साधारण ८ ते १२ टक्के सुटा सिलिकॉन धातू राहिलेला असतो, करायला सोपी, स्वस्त, पण कॉस्टिक सोडा त्या सिलिकॉनला खातो आणि तोंड चाळणीसारखं होतं, म्हणजे आपल्या डाइंगच्या कामाला बाद. दुसरी सिंटर्ड, म्हणजे पावडर न वितळवता भाजून घट्ट केलेली, तिच्यात सुटा सिलिकॉन नसतोच, कॉस्टिकला ती दाद देत नाही. आपल्याला दुसरीच पाहिजे आणि तिच्या पोटात ग्राफाइटचे कण पाहिजेत, म्हणजे फिल्म तुटली तरी ग्राफाइट थोडा वेळ वंगण म्हणून सांभाळून घेतो, आणि हे मऊ कण गरम-गारचा झटकाही थोडा पचवतात. या बदल्यात ताकद जाते हे मान्य करून चालायचं, नुसत्या सिंटर्ड रिंगची ताकद ४०० एमपीए (मेगापास्कल) धरली तर ग्राफाइटवाली त्याच्या निम्म्यावर पण येऊ शकते. सील रिंग मुख्यतः दाबाखाली काम करते म्हणून हे चालतं, पातळ भिंतीच्या बुशला मी हे मटेरियल देत नाही.

आता या सगळ्या कामाचं मर्म सांगतो. यात कार्बन दोन असतात आणि दोघांचं काम वेगळं आहे. ज्याला हे कळलं त्याची रिंग निघाली, मला कळायला अख्खी एक बॅच गेली.

सिलिकॉन कार्बाइड १८९१ मध्ये अ‍ॅचेसननी शोधलं, ते ग्राइंडिंग व्हीलला, एमरीला पुढे किती वर्ष वापरात होतं, पण नुसती पावडर दाबून भाजली तर ती घट्ट काही होत नव्हती, कारण सिलिकॉन आणि कार्बनची पकड इतकी जबर आहे की अणू जागचे हलायलाच तयार नसतात. १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये प्रोचाझ्का यांनी दाखवलं की अगदी बारीक पावडरीत चिमूटभर बोरॉन आणि थोडा कार्बन घातला की ती दाब न देता सिंटर होते. हा जो थोडा कार्बन, तो पहिला कार्बन. प्रत्येक कणावर हवेमुळे सिलिकाची, म्हणजे काचेची, पातळ साल बसलेली असते, ती साल खरवडून काढायचं काम याचं. एक सिलिका आणि तीन कार्बन मिळून परत सिलिकॉन कार्बाइड होतं आणि कार्बन मोनॉक्साइड गॅस उडून जातो. साल राहिली की कण एकमेकांना चिकटून आकसतच नाहीत, कितीही टेंपरेचर द्या.

हिशोब सोपा आहे. पावडरीच्या सर्टिफिकेटवर ऑक्सिजन ०.८ टक्के लिहिलाय समजा. म्हणजे १०० ग्रॅम पावडरीत सिलिका दीड ग्रॅम, ती काढायला कार्बन ०.९ ग्रॅम लागतो. वर थोडा जादा पाहिजे म्हणून दोन-सव्वादोन टक्के धरायचा. हा कार्बन फिनॉलिक रेझिनमधून आणायचा, कारण रेझिन पाण्यात विरघळून प्रत्येक कणाला अंगभर माखतं आणि भाजल्यावर साधारण निम्मं वजन कार्बन म्हणून मागे ठेवतं.

दुसरा कार्बन म्हणजे ग्राफाइट, वंगणाचा. माझी चूक अशी झाली की मी विचार केला, १० टक्के ग्राफाइट घालतोच आहे, तोही कार्बनच, मग रेझिन कशाला, वास पण येतो त्याचा, काढून टाका. रिंगा भट्टीतून आल्या त्या वजनाला हलक्या, घनता २.६ च्या आसपास, आणि पाण्यात टाकल्या तर बुडबुडे सोडत बसल्या. ग्राफाइटचा कण वीस मायक्रॉनचा, सिलिकॉन कार्बाइडचा अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे ग्राफाइटला अगदी टेकलेल्या कणांचीच साल निघणार, लांबच्या लाखो कणांची कोण काढणार? त्यामुळे रेझिनचं माप ग्राफाइटकडे बघून कधी कमी करायचं नाही. वहीत दोन कार्बन दोन वेगळ्या ओळीत लिहायचे.

मी सुरुवातीला १० टक्क्याचीच बॅच करा म्हणतो, १५-२० नंतर. भाजून झाल्यावर जवळपास १० किलो माल हातात यावा असं धरलं तर: सिलिकॉन कार्बाइड ८ किलो ७५० ग्रॅम, ग्राफाइट १ किलो, बोरॉन कार्बाइड ५० ग्रॅम, आणि रेझिन सुकं वजन ४०० ग्रॅम, म्हणजे त्यातून २०० ग्रॅम कार्बन. पावडर अर्धा ते पाऊण मायक्रॉनची घ्या, ग्राइंडिंगच्या दुकानात मिळणारं २२० नंबरचं ग्रिट दळून काही होणार नाही, दळताना लोखंड मिसळतं आणि लोखंड भट्टीत सिलिकॉनला धरून वितळतं, रिंगवर काळे डाग आणि भोकं. बॉल मिल म्हणूनच पॉलियुरेथेन लायनिंगची आणि गोळे सिलिकॉन कार्बाइडचेच. ग्राफाइट कृत्रिम, जास्त चपटा नसलेला, १० ते ४० मायक्रॉनमध्ये चाळलेला. फार जाड कण घेतला तर भोवतीचा माल आकसतो, हा बेटा आकसत नाही, आणि त्याच्याभोवती गोल चिरा पडतात. फार बारीक घेतला तर वंगणाचं तळंच उरत नाही, सगळीकडे पसरून जातो.

स्लरी करताना पाणी निम्मं, माल निम्मा, पीएच ९ च्या वर, मी थोडा अमोनिया वापरतो. आधी सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड आणि रेझिन रात्रभर फिरवून घ्यायचं. ग्राफाइट शेवटी, आणि तोही कोरडा ओतायचा नाही. कोरडा ओतला की पाणी त्याला शिवतच नाही, वर काळी चकचकीत साय धरतो, बोट घातलं तर बोटाला चिकटून येतो आणि खाली पाणी तसंच. वेगळ्या भांड्यात थोडं पाणी आणि वेटिंग एजंटचे थेंब टाकून त्याचा भाकरीच्या पिठासारखा गोळा मळून घ्यायचा, मग थोडा थोडा मिलमध्ये सोडायचा आणि पुढे एक-दोन तासच फिरवायचं, नाहीतर कण फुटून बारीक होतात. कच्ची रिंग धरून ठेवायला बाइंडर म्हणून पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि थोडं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकोल), दोन्ही मिळून अडीच-तीन टक्के, अगदी शेवटी.

कोण म्हणेल, तयार दाबायची पावडर, सुकवून दाणे केलेली, मिळते, तिच्यात ग्राफाइट कोरडा मिसळला तर? मिसळता येतं, मी पण करून बघितलंय. पण मग ग्राफाइट दाण्याच्या आत जात नाही, दाण्यादाण्याच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, आणि रिंग मोडली की त्याच रेषेने मोडते. स्प्रे ड्रायर, म्हणजे स्लरी फवारून तिचे सुके दाणे करणारं मशीन, नसेल तर स्लरी जॉबवर्कला देऊन सुकवून घ्या, पण ग्राफाइट स्लरीतच गेला पाहिजे.

दाणे आले की मग आपला सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेला ४२-४३ डिग्री, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, दाणे इतके कोरडे होतात की पीव्हीए कडक होतो, प्रेसमध्ये दाणा चिरडतच नाही, आणि रिंग बाहेर काढली की कडेला भजीसारखे पापुद्रे सुटतात. मी दाण्याचा ओलावा अर्धा टक्क्याच्या खाली जाऊ देत नाही, डबे झाकलेले, उन्हाळ्यात प्रेसिंग सकाळी सात ते अकरा. पावसाळ्यात उलटं, दाणे डायला चिकटतात.

प्रेसचा हिशोब एकदा करून दाखवतो म्हणजे डायचे पैसे वाया जाणार नाहीत. फायनल रिंग बाहेरून ६० मिमी, आतून ४०. आपला माल लांबीला साधारण १७ टक्के आकसतो, म्हणजे ६० भागिले ०.८३, डायमध्ये ७२.३ पाहिजे, आतला ४८.२. ग्राइंडिंगचा माल वर वेगळा धरायचा. क्षेत्रफळ येतं जवळपास २३ चौरस सेंटिमीटर, दर चौरस सेंटिमीटरला एक टन दाब, म्हणजे २३ टन, ४० टनी प्रेस आरामात पुरतो. पण १७ हा माझ्या पावडरीचा आकडा आहे, तुमचा तुम्ही काढा, आणि उंचीचा आणि व्यासाचा वेगळा काढा. ग्राफाइटचे कण दाबताना आडवे पडतात त्यामुळे दोन्हीकडे आकसणं सारखं येत नाही. पाच रिंगा दाबून, मोजून, भाजून, परत मोजून मगच पक्की डाय करायला टाका. खाच, पायरी, पिनचं भोक जे काय असेल ते कच्च्या रिंगवर लेथला करून घ्यायचं, तेव्हा ती खडूसारखी कापली जाते, भाजल्यावर हिऱ्याशिवाय काही चालत नाही. लेथवर व्हॅक्यूम लावा आणि इलेक्ट्रिक पॅनेल लांब ठेवा, ग्राफाइटची धूळ करंट वाहून नेते, आमचा एक ड्राइव्ह त्यानेच शॉर्ट झाला. मास्क तर लावाच, अर्ध्या मायक्रॉनची पावडर फुफ्फुसात गेलेली परत येत नाही.

बाइंडर जाळायचं काम कंटाळवाणं आहे पण घाई केली की सगळं मुसळ केरात. नायट्रोजनमध्ये, तासाला १५ डिग्रीच्या आसपास, ६०० पर्यंत, मग जरा वेग वाढवून ८०० ला थांबायचं. २५० ते ४५० मध्ये पीव्हीए जातो आणि त्याच्या पुढे रेझिनचा कोळसा होतो, गॅस भराभर सुटला तर जाड रिंग आतून फुगते आणि बाहेरून दिसत पण नाही. फिनॉलचा धूर बाहेर नेणारं धुराडं पाहिजेच, शेजारच्या शेडवाल्यांनाही त्रास नको.

आता मेन भट्टी. ग्राफाइट हीटरची, व्हॅक्यूम आणि आर्गॉन दोन्ही असलेली. रिंगा झाकणाच्या ग्राफाइट डब्यात, खाली बोरॉन नायट्राइडचा रंग मारून, एकमेकीला न टेकता. व्हॅक्यूममध्ये वर जायचं, आणि १४०० च्या पुढे गेज बघत बसायचं. साल निघायला लागली की कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि व्हॅक्यूमचा काटा बिघडतो, ही आनंदाची गोष्ट आहे, काम चालू आहे. १६०० ते १६५० ला थांबायचं आणि काटा परत जागेवर येईपर्यंत पुढे सरकायचं नाही, मग घड्याळात एक तास होवो की तीन. हा गॅस आत अडकला आणि भोकं बंद झाली तर तो कायमचा आत राहतो. व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट शेडच्या बाहेर, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म, याला पर्याय नाही. त्यानंतर आर्गॉन भरायचा, कारण त्याच्या पुढे व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन उडायला लागतो. स्वस्त पडतो म्हणून इथे नायट्रोजन भरू नका, बोरॉनच्या मालाला नायट्रोजन अडवतो, घनता येत नाही. आणि आर्गॉन हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो, भट्टीच्या पिटमध्ये ऑक्सिजन मीटर न घेता माणूस उतरवायचा नाही, वास येत नाही, माणूस सरळ खाली बसतो.

पुढे २१३० ते २१५० डिग्री, तासभर ते दीड तास. इथे माझी दुसरी बॅच गेली. या टेंपरेचरला पायरोमीटरने, म्हणजे लांबून उजेडावरून टेंपरेचर वाचणाऱ्या मीटरने, काचेतून बघतो आपण, आणि त्या काचेवर आतून धुरकट थर बसला होता. काच मळली की पायरोमीटर कमी वाचतो, कंट्रोलर बिचारा अजून पॉवर देतो. स्क्रीनवर २१४० होतं, आत किती गेलं देव जाणे, डबा उघडला तर रिंगा डब्याला चिकटलेल्या, एक मोडून बघितली तर मोडलेल्या जागी साखरेसारखे चमचम करणारे मोठे दाणे. दाणे वाढले की रिंग ठिसूळ झाली. तेव्हापासून प्रत्येक हीटच्या आधी काच पुसायची, तिच्यासमोर बारीक आर्गॉनची धार सोडून ठेवायची आणि डब्याजवळ साक्षीदार म्हणून त्याच बॅचची एक गोटी ठेवायची, गोटीचा व्यास सांगतो आत खरं काय झालं.

लाइट जाणार हे धरूनच चाला. हीटर बंद झाला तर बॅच जाते, परत करता येते. पण कूलिंगचं पाणी थांबलं तर भट्टीच जाते. आम्ही शेडच्या वर ५००० लिटरची टाकी बांधली, वॉल्व्ह असा की लाइट गेली की आपोआप उघडतो आणि पाणी उताराने जॅकेटमधून वाहतं, जनरेटर सुरू होईपर्यंत. त्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात दुसऱ्या कशालाही काढू द्यायचं नाही, कुलूप लावा. थंड होताना पण शंभरच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, साडेचारशे-पाचशेला हवा लागली तर हीटर आणि फेल्ट (उष्णता अडवणारं कार्बनचं अस्तर) हवेत जळायला लागतात.

रिंग बाहेर आली की आधी कानाने तपासायची. आठवडी बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून बघते ना, तसंच, बोटावर टांगून दुसरीने हलकेच वाजवायची. चांगली रिंग घंटेसारखी लांब वाजते, चीर असलेली थबकते. ग्राफाइटवाली नुसत्या सिंटर्डपेक्षा जरा कमी वाजते, कान बसायला दहा-वीस रिंगा जातात. मग वजन काट्यावर, कोरडं, पाणी मुरवून आणि पाण्यात टांगून. १० टक्के ग्राफाइटला पूर्ण भरीव मालाची घनता ३.०८ येते, १५ टक्क्याला ३.०२, हे दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा, कारण नुसत्या सिलिकॉन कार्बाइडचे ३.२१ डोक्यात धरून लोक चांगला माल रिजेक्ट करतात. १० टक्केवाली २.९८ च्या वर आली की मी पास करतो. पाणी पिणारी रिंग मात्र घनता कितीही दिसो, बाजूला.

ग्राइंडिंग हिऱ्याच्या व्हीलने, भरपूर कूलंट, हलका फीड, जोर लावला की ग्राफाइटचे कण मुळासकट उपटून येतात आणि तोंडावर खड्डे राहतात. लॅपिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करणं, बिडाच्या प्लेटवर, ९ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टने आणि मग ३ ने. शेवटी ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काच, ठेवून हिलियम लाइटखाली रेषा मोजायच्या, एक रेषा म्हणजे ०.२९ मायक्रॉन, दोन-तीन रेषांत बसली की झालं. भिंगातून तोंड बघितलं तर करड्या जमिनीवर काळे ठिपके वेगवेगळे दिसले पाहिजेत, एकाला एक लागून साखळी झाली असेल तर स्लरीत मिसळण कमी पडलंय, परत मिलपाशी जा.

देताना दोन गोष्टी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. कॉस्टिक, गरम पाणी, फीड पंप, इथे बिनधास्त लावा. गरम स्ट्राँग नायट्रिकवर लावू नका, सिलिकॉन कार्बाइड टिकेल पण ग्राफाइट खाल्ला जाईल. आणि कोरडी चालली तरी टिकते याचा अर्थ काही वेळ टिकते, टाकीत लेव्हल स्विच बसवायला शंभर कारणं सांगू नका. त्या रुमालवाल्या मालकांच्या कॉस्टिक पंपात पहिली रिंग बसवली तेव्हा त्यांच्या फिटरमामांना मी हाताला धरून सांगितलं होतं, की रिंगच्या तोंडाला ग्रीसचं बोट लावायचं नाही, स्वच्छ कापडाने पुसून कोरडी बसवा आणि आधी पंपात पाणी भरून शाफ्ट हाताने फिरवून बघा. ती रिंग पुढच्या वेळी माझ्याकडे आली तेव्हा टाकी दोनदा रिकामी झालेली होती, तोंडावर पुसटसा चकचकीत पट्टा होता, चीर नव्हती. ३ मायक्रॉनवर वीस मिनिटं परत लॅप करून त्याच दिवशी संध्याकाळी पाठवून दिली.